जोडणारी आणि जाळणारी

सोमवार, ३ एप्रिल

आज नवी बाई आली आणि थेट माझ्या खुर्चीत बसली. कॉफीच्या खोलीतली खिडकीलगतची खुर्ची माझी, हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण हौकिनिएमीच्या या प्रयोगशाळेत झाडूवाल्यापासून संचालकापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे. ती बसली आणि खोलीतले सगळे आपापल्या कपात बघायला लागले. कुणी तोंड उघडेल तर शपथ. मी उभ्यानंच कॉफी प्यायले आणि जीभ भाजून घेतली.

नाव हेल्का. वय छत्तीस. दक्षिणेची, राजधानीतली. बोलते भराभर, हसते मोठ्यानं. आमच्या संचालकानं, इल्पोनं, तिची ओळख करून देताना छोटंसं भाषणच ठोकलं. कारखान्यात लाकूड शिजवून लगदा काढला की मागे जे काळं पाणी उरतं, त्यातल्या लिग्निनपासून ही विमानाचं इंधन करणार. "लाकूड आकाशात उडणार!" असं म्हणाला. हा तोच इल्पो, जो माझ्या गोंदाबद्दल आजवर "बरा आहे" याच्या पुढे गेलेला नाही.

त्याच लिग्निनपासून मी गोंद करते. लाकूड ज्याच्या जोरावर ताठ उभं राहतं तेच काढून घ्यायचं आणि त्यानंच पुन्हा लाकडाला लाकूड जोडायचं. खनिज तेलापासून केलेल्या त्या विषारी गोंदाची गरजच राहू नये, एवढं एकच डोक्यात धरून मी इतकी वर्षं घालवली. माझा गोंद थंडीतही धरतो, त्याला गरम यंत्राचा दाब लागत नाही. पण टाळ्या कुणाला? मी जोडणारी, ती जाळणारी, आणि फोटो जाळणारीचा.

गुरुवार, ६ एप्रिल

उद्यापासून ईस्टरची सुट्टी, म्हणून इल्पोनं आजच तोंड कडू केलं. लिग्निन काढायचं आमचं यंत्र लहान. पुढच्या वर्षी ते एकालाच पुरेल. गोंद की इंधन, हे उन्हाळी सुट्टीच्या आधी ठरणार.

"गोंद चांगला आहे गं, सिर्क्का," तो म्हणाला. "पण पाण्यात टिकतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही."

"महिनोन्‌महिने पाण्यात ठेवलेल्या पट्ट्या दाखवू का? एकही सुटलेली नाही."

"बोटाएवढ्या पट्ट्या बघून कोण पैसे टाकतं? काहीतरी मोठं पाहिजे. डोळ्यांत भरेल असं."

हेल्का शेजारीच उभी होती, कान टवकारून. मला वाटलं, निदान तोंडदेखलं "अरेरे" तरी म्हणेल. तर ती म्हणते, "किती मोठं?" जणू माझ्या शवपेटीचं माप घेत होती.

शनिवार, १५ एप्रिल

बाई घरी आली. बोलावली कुणी? वेयोनं! माझ्या नवऱ्यानं, जो शेजाऱ्याला हात करायचा तरी दहादा विचार करतो. दुकानात भेटली म्हणे, आणि तिनं विचारलं, "पाइनच्या बुंध्यांचं डांबर अजून जुन्या पद्धतीनं काढणारा तूच ना?" झालं. त्याला तेवढं पुरलं.

लाकूडगिरणीतून निवृत्त झाल्यापासून वेयो दोनच कामं करतो. उन्हाळ्यात गवत-मातीखाली बुंधे धुमसवून डांबर काढतो आणि हिवाळाभर होड्या बांधतो: फळीवर फळी, तांब्याचे खिळे, वरून तेच डांबर. एरवी तोंडात गुळणी. लग्नाला होकारसुद्धा त्यानं मान हलवून दिला होता. मी चुकून दुसरीकडे बघत असते तर आमचं लग्न राहिलंच असतं. आणि आज तो बोलला. कॉफीचा अख्खा थर्मास संपेपर्यंत बोलला. कुठला बुंधा घ्यायचा, धुराचा रंग कधी बदलतो, वारा शिरला तर काय होतं. ती "हो का? मग?" करत होती आणि तो फुलत होता. मी दालचिनीचे पाव आणून ठेवले. कुणी आणले, हे त्या दोघांनी वर बघून पाहिलंसुद्धा नाही.

मग तिनं विचारलं, "गोंदानं जोडलेली होडी का नाही बांधत?"

"गोंदाची होडी म्हणजे होडी नव्हे, खोकं," वेयो म्हणाला.

हे वाक्य मी पहिला गोंद केला तेव्हापासून ऐकत आलेय. पण परक्या बाईसमोर? ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. दातओठ खातही हसता येतं, हे आज कळलं.

गुरुवार, २७ एप्रिल

हेल्कानं तळ्यापलीकडचं वेयोच्या चुलतभावाचं घर भाड्यानं घेतलंय. छप्पर गळतं म्हणे. तर रोज जेवण झालं की वेयो गाडीत हत्यारं टाकून निघतो. आज मी खिडकीतून नीट पाहिलं. रंधा नेला. शिवाय गाडीच्या टपावर पाइनच्या लांबच लांब पट्ट्या बांधल्या होत्या.

"छपराला एवढ्या बारीक पट्ट्या?" मी विचारलं.

"जुनं छप्पर आहे," तो म्हणाला आणि गेलाच.

मनात आलेलं लिहू का? लिहितेच. माझं वय अठ्ठावन्न, तिचं छत्तीस. वेयोचे गुडघे दुखतात, तळघराच्या पायऱ्या त्याला उतरवत नाहीत म्हणून बटाटेसुद्धा मीच वर आणते. पण तिच्या छपरावर चढताना गुडघे बरे चालतात! माझा नुसता जळफळाट होतोय, आणि सांगू कुणाला? बहिणीला फोन केला तर ती खो खो हसली. म्हणाली, "वेयो? आपला वेयो? अगं, त्यानं भानगड करायची ठरवली तरी आधी तीन वर्षं गप्प बसेल."

मंगळवार, २ मे

काल एक मे, वप्पूच्या सणाची सुट्टी. वेयो चक्क घरी होता. संध्याकाळी सौनात वाफ घेत बसलो. मी दगडांवर पाणी मारलं आणि वाफेतून आवाज आला, "तुझा तो गोंद. थंड शेडमध्ये किती वेळ दाबून ठेवावा लागतो?"

पळी हातात धरून मी तशीच बसले. या माणसानं माझ्या कामाबद्दल कधी एक प्रश्न विचारलेला नाही.

"कशाला?"

"असंच."

मी सगळं सांगितलं. तपकिरी पाकात पांढरी पूड किती घालायची, संध्याकाळी दाबून ठेवायचं, सकाळी सोडायचं, लाकूड कोरडं हवं. तो ऐकत होता. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. झोपेतसुद्धा हसत असेन.

आणि आज कॉफीच्या वेळी हेल्का येऊन विचारते, "सिर्क्का, तुझ्या गोंदाला लाकूड किती कोरडं लागतं गं?"

म्हणजे त्याला हिनंच पढवून पाठवलं होतं. माझ्या घरात, माझ्या सौनात, माझाच नवरा हेर म्हणून बसवला! मी तिला म्हटलं, "तुला काय करायचंय? तुझं लाकूड जळणारच आहे, ओलं काय नि कोरडं काय." ती हसली. तिला काही लागतच नाही. गेंड्याची कातडी आहे मेलीची.

शुक्रवार, १२ मे

वेयोचा स्वेटर धुवायला काढला आणि नाकाला लावला. दुसऱ्या बायकांना असल्या वेळी अत्तराचा वास येतो. मला लिग्निनचा आला: धुरकट, गोडसर, आमच्या इमारतीचा. हेल्का दिवसभर त्यातच असते.

माझ्याही अंगाला तोच वास असतो, हे नंतर सुचलं. पण मी काही इतक्यात त्या स्वेटरला मिठी मारलेली नाही.

बुधवार, १७ मे

आता मात्र हद्द झाली. थंड खोलीतले माझे गोंदाचे डबे हलके व्हायला लागलेत. आधी वाटलं, मलाच भास होतोय. आज उचलून पाहिले. दोन जवळजवळ रिकामे.

आणि दुपारी इल्पोच्या दारापाशी मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो विचारत होता, "युहान्नुसच्या सणापर्यंत होईल का?" आणि हेल्का म्हणाली, "होईल की. पण सिर्क्काला बोलू नकोस हं. मला तिचा चेहरा बघायचाय."

चेहरा बघायचाय! माझा गोंद चोरून नेते, त्यात आपलं काहीतरी मिसळून आपल्या नावानं मांडणार, आणि वर माझा पडलेला चेहरा बघायची हौस. नवरा घेतला तर घेतला, असं मी एखाद्या वाईट दिवशी म्हणूही शकेन. पण गोंद?

सोमवार, २२ मे

केलं.

फार काही केलं नाही. मागच्या हिवाळ्याच्या तोंडाला माझा एक घाणा फसला होता. तो गोंद दिसतो तसाच, वास तोच, सुकला की धरतोही घट्ट. पण पाण्यात चार-सहा दिवस राहिला की मऊ पडून सुटतो. तो मी फेकला नव्हता, पुढे कधीतरी का फसला ते शोधू म्हणून कोपऱ्यात ठेवला होता. आज तो नव्या डब्यात भरला. त्यातला आधीचा चांगला गोंद दुसऱ्या डब्यात ओतून, तारखेची चिठ्ठीही त्यावर लावून, घरी आणला आणि तळघरात बटाट्यांच्या खोक्यामागे ठेवला. तिथे माझ्याशिवाय कोण जातंय?

आता ने म्हणावं. लाव तुझ्या पट्ट्यांना, बुडव पाण्यात, आणि इल्पोसमोर त्या सुटू देत. मग बघू कुणाचा चेहरा बघण्यासारखा होतो ते.

मंगळवार, ३० मे

डबा गेला. अख्खाच उचलला. मी कॉफीबरोबर दोन पाव खाल्ले. आज खुर्चीही मिळाली.

रविवार, ११ जून

पट्ट्या सुटल्याची काही बातमी नाही. हेल्का नेहमीसारखीच खिदळते. वेयो शीळ घालतो. शीळ! सकाळी कॉफी गाळताना, बूट घालताना, दाढी करताना. मी विचारलं, "छप्पर झालं की नाही अजून?" तर म्हणाला, "तळ राहिलाय थोडा." छपराला तळ कधीपासून असतो, हे मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटते. उत्तर देताना तो खोटं बोलेल, आणि त्याला ते जमत नाही. ते बघवणार नाही मला.

सोमवार, १९ जून

हेल्कानं युहान्नुसचं, ऐन उन्हाळ्यातल्या त्या होळीच्या सणाचं, आमंत्रण दिलं. शुक्रवारी सकाळी तिच्या धक्क्यावर यायचं, इल्पोही येणार. "नक्की ये हं," म्हणाली आणि माझा दंड दाबला. वेयोही म्हणाला, "जाऊ या." त्याच्या बोटांना डांबराचे डाग आहेत, नेहमीसारखे, या वेळी जरा लालसर. साबणानं जात नाहीत म्हणून खरवडत बसला होता. तिच्याकडे जायचं म्हणून नखं स्वच्छ!

शुक्रवारी काय मांडणार ते मला कळतंच आहे. मांडू दे. पाण्यात बुडवेपर्यंत तिची मजा.

शुक्रवार, २३ जून, दुपार

क्रमानं लिहिते.

सकाळी वेयोनं मला हेल्काकडे नेलं. धक्क्यावर इल्पो उभा होता. हेल्कानं माझे डोळे झाकायला हात पुढे केला, मी तो झिडकारला. खाली पाण्यात होडी होती. नवी, निमुळती, मधाच्या रंगाची. बारीक पट्टीला पट्टी लावत नेलेली.

वेयोनं घसा खाकरला. "हिच्यात एकही खिळा नाही," तो म्हणाला. "सगळी तुझ्या गोंदावर आहे."

इल्पो म्हणाला, "काहीतरी मोठं पाहिजे म्हटलं होतं ना मी? ते हिनं मनावर घेतलं. आज या होडीतून तळं ओलांडलं की गोंद नक्की. इंधन वर्षभर थांबू शकतं, असं हेल्काच म्हणतेय."

हेल्काच म्हणतेय.

आनंद झाला. एक श्वास घेईपर्यंत झाला. मग मी विचारलं, "गोंद कुठला?"

"तुझाच, चोरलेला!" हेल्का हसत म्हणाली. "वेयो होडी उलटी घालून बांधतो ना, त्यामुळे कडांना आधीचे डबे लागले आणि तळाला शेवटचा. मेअखेरीस उचलला तो."

"आणि चार दिवस भिजत घातलीय," वेयो म्हणाला.

खिळ्यांची होडी भिजत घालतात, म्हणजे फळ्या फुगून फटी मिटतात. गोंदाच्या होडीला फटीच नसतात. पण आमच्या तळ्याकाठचा कुठलाही होडीवाला नवी होडी भिजवल्याशिवाय हाकणार नाही. कोरडीच पाण्यात घातली असती तर कदाचित पलीकडे जाऊन परतही आली असती.

मी बोलायला हवं होतं. वेळ होता. वेयोनं इल्पोला हात देऊन आत घेतलं, दोघांनी तरंगती जाकिटं चढवली, वल्ही लावली, दोर सोडला. तेवढ्यात एक वाक्य सहज बोलून झालं असतं. पण हेल्का माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, माझा आनंद बघायला, आणि तिच्यासमोर ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

पार लांब गेल्यावर तळ सुटला. आवाज वगैरे काही आला नाही. वेयोनं वल्ही टाकून दिली आणि खाली वाकला, इल्पो उभा राहिला, आणि मग दोघंही पाण्यात होते. पाणी अजून बर्फासारखं आहे. हेल्का धावत शेजाऱ्याच्या मोटारबोटीकडे गेली. मी खांबाला धरून नुसतं वेयोचं टक्कल शोधत होते. दिसायचं, दिसेनासं व्हायचं.

आणलं दोघांना. मागून होडीही ओढत आणली. इल्पोचे ओठ निळे पडले होते.

"माझी चूक," वेयो दात वाजवत म्हणाला. "पट्ट्या ओल्या राहिल्या असणार."

"छे, मीच पूड कमी घातली," हेल्का म्हणाली. "गोंदाचा काही दोष नाही, इल्पो. ऐक माझं."

"तू नीट घातलीस. मी बघितलंय."

"तू कुठे बघत होतास, तू पट्टी धरून होतास!"

दोघं एकमेकांच्या हातातून दोष ओढून घेत होते, आणि मी तिथे कोरड्या कपड्यांत उभी. त्या क्षणीसुद्धा, हे लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणीसुद्धा मला हेवाच वाटला, की वेयोशी भांडायला हिला किती सहज जमतं.

इल्पो म्हणाला, "राहू दे आता. गोंदाचं राहू दे." आणि घरी गेला.

वेयोनं घरी येऊन कपडे बदलले. जेवण झालं तसा ट्रॅक्टर आणला आणि होडी ओढत थेट होळीच्या जागी नेली. जुन्या, कुजक्या होड्या युहान्नुसच्या होळीत घालतात. नवीकोरी कधी कुणी घातलेली नाही. मी विचारलं, "जाळणार?" तो म्हणाला, "हो." मी घरी आल्यापासून आडवीच होते. जेवण त्यानंच केलं होतं. बटाटे उकडले, शेपू घातला, हेरिंग मासे कापले. माझ्या ताटात घास तसाच राहिला.

आज संध्याकाळी ती होडी जळेल. त्याबरोबर माझा गोंदही गेला, पण मी काय केलं हेही गेलं. गप्प राहायचं. एवढंच करायचंय, आणि गप्प राहायला आमच्याकडे कुणी नावं ठेवत नाही.

शनिवार, २४ जून

गप्प राहिले नाही.

सगळं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. ऊन अजून होतं, कुणी अकॉर्डियन वाजवत होतं, सॉसेज भाजण्याची तयारी चालली होती. इल्पोही आला होता, नाकाला रुमाल लावून. होळी पेटवायचा मान दरवर्षी वेयोचा, डांबरवाला म्हणून. तो मशाल घेऊन उभा राहिला. आमचा शेजारी सेप्पो होळीशी खटपट करत होता. आग लवकर धरावी म्हणून होडीच्या कडेची एक पट्टी उपटायला गेला. ओढली, पाय लावून ओढली, मग पहार घातली. लाकूड मधोमध चिरलं, पण सांधा काही सुटला नाही.

"च्यायला, ही कसली होडी!" तो ओरडला. "तळ नाही, आणि कडा मात्र सुटायला तयार नाहीत!"

लोक हसले. मला मात्र तो चिरलेला भाग दिसत होता. लाकूड फाटलं, गोंद धरून होता. चार दिवस पाण्यात राहून, ट्रॅक्टरनं खेचून, पहारीनं उचकटून. माझा गोंद. तो असा जळू द्यायचा?

म्हणजे मला पश्चात्तापानं बोलतं केलं, असं समजू नये. गर्वानं केलं.

"थांब, वेयो!" मी म्हटलं. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. अकॉर्डियन थांबलं. "कडांना चांगला गोंद आहे. तळाला फसलेला होता. डबा मी बदलला. मुद्दाम बदलला."

"का?" इल्पोनं विचारलं.

"हेल्का चोरतेय असं वाटलं. सगळंच. गोंद, आणि..." पुढचं मी वेयोकडे बघून बोलू शकले नाही. पण गावाला कळलं. गावाला असलं लगेच कळतं.

हेल्का मिठी मारेल, रडेल, असलं काहीतरी मी मनात धरलं होतं की काय कोण जाणे. ती लालबुंद झाली. "त्यात माणसं बसली होती!" ती किंचाळली. "तुला धक्क्यावर माहीत होतं! मी सांगितलं तुला शेवटचा डबा कुठे लागला, आणि तू तशीच उभी राहिलीस! तो बुडाला असता, सिर्क्का! तुझाच नवरा!" आणि ती पाय आपटत निघून गेली. मागे वळूनही पाहिलं नाही. ती बोलली त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, आणि मला तिचा पुन्हा हेवा वाटला. मी तसं भर किनाऱ्यावर कधी ओरडले असते, तर एप्रिलपासूनचं हे सगळं झालंच नसतं.

इल्पोनं होडीभोवती फेरी मारली. कडेची पट्टी दोन्ही हातांनी धरून ओढली, मग दुसरी, मग सेप्पोची पहार घेऊन तिसरी. शेवटी म्हणाला, "सोमवारी ये. ही कड घेऊन ये. आणि जे केलंस त्याचं काय करायचं, तेही तिथेच बोलू." मग शिंकला. कदाचित गोंद राहील आणि मी जाईन. तसं झालं तर ते योग्यच आहे, असं आज सकाळी तरी वाटतंय. उद्या वाटेल की नाही सांगता येत नाही.

होळी नुसत्या फांद्यांचीच पेटवली.

घरी आलो. सौना तापलेला होता. दोघं वरच्या बाकावर बसलो. मी वाट बघत होते की तो काहीतरी बोलेल, शिवी तरी देईल. तो अंगावर मारायची बर्चच्या फांद्यांची जुडी पाण्यात बुडवत होता, काढत होता.

"तू रागावला नाहीस," मी म्हटलं.

"दुपारीच रागावून झालं."

"दुपारी? दुपारी तुला कुठे माहीत होतं?"

त्यानं दगडांवर पाणी मारलं. वाफ वर आली आणि त्याचा चेहरा दिसेनासा झाला.

"होडी मला दुरुस्त करता आली असती," तो म्हणाला. "तळ काढायचा, नवा घालायचा. पण ठेवली असती तर इल्पोनं आज ना उद्या बघितलंच असतं, की कडा धरून आहेत नि तळच सुटलाय. म्हटलं, जळू दे. म्हणजे कुणी तुला काही विचारणार नाही."

मला अजून उमगेना. मी म्हटलं, "पण तुला कसं कळलं, वेयो?"

"सिर्क्का," तो म्हणाला, "आज बटाटे तळघरातून वर कुणी आणले?"